फरसाणाच्या कढईतलं पामतेल, जंगलं आणि सरकारांचे रुसवेफुगवे

प्रश्न थोडक्यात असा होता: शेव-फरसाणाचा छोटा कारखाना आहे, महिन्याला पामोलिनचे (पामतेलातल्या पातळ भागाचे) १५ किलोचे दोनेकशे डबे लागतात. जर्मनीतल्या एका भारतीय किराणा दुकानदाराने कळवलंय की पामतेलाचा माल नको, ते जंगल तोडून येतं. सोयातेलावर गेलो तर खरोखर काही फरक पडेल का? आणि देश या तेलावरून एकमेकांशी भांडतात, आयातशुल्क वरखाली करतात, त्यात जंगलाचा विचार असतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: जवळजवळ नसतो. का नसतो ते खाली येईलच. पहिल्याचं उत्तर मात्र तुम्ही पामच्या बदल्यात काय वापरणार आणि किती वापरणार यावर ठरतं. माझ्या मते तुमची अडचण वेगळीच आहे. तुमच्या डब्यातलं तेल कोणत्या जमिनीवरचं आहे आणि ती जमीन कधी साफ केली, हे तुम्हाला आज माहीत नाही, आणि तुमच्या डीलरलाही नाही.

आधी हिशोब करू. २०० डबे म्हणजे महिन्याला ३ टन, वर्षाला ३६ टन. तेलपामच्या एका हेक्टरातून वर्षाला साधारण साडेतीन टन तेल निघतं, म्हणजे तुमच्या कारखान्याला सुमारे १० हेक्टर पुरतात. हेच सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून आणलं, तर तिथे हेक्टरी तीनेक टन बी निघतं आणि त्यात तेल १८-१९ टक्के. म्हणजे हेक्टरी जेमतेम अर्धा टन, आणि तुम्हाला लागणार सत्तर हेक्टर. आपल्या लातूर-वाशीमच्या कोरडवाहू सोयाबीनचं तेल हेक्टरी दोनशे किलोच्या आसपास भरतं. अर्थात हा हिशोब थोडा एकांगी आहे. सोयाबीन मुख्यतः पेंडीसाठी पिकतं, तेल हा दुसरा माल, त्यामुळे सगळी जमीन तेलाच्या नावावर टाकणं बरोबर नाही. पण ती निम्म्याहून कमी धरली तरी पामचा आकडा लहानच राहतो. आणि ब्राझीलच्या सेर्राडो गवताळ रानावर सोयाबीनसाठीच नांगर फिरला आहे. म्हणून डोळे मिटून पामऐवजी सोया घेतलं, तर नुकसान कमी होण्यापेक्षा एका खंडातून दुसऱ्या खंडात जाण्याचीच शक्यता जास्त.

कढईचाही विचार करा. सोयातेलात लिनोलेनिक आम्ल ६ ते ८ टक्के असतं, पामोलिनमध्ये ते नावापुरतं. हे आम्ल हवेशी लवकर बिघडतं. सोयात तळलेल्या शेवेला काही आठवड्यांत खवट वास मारायला लागतो, आणि कढईच्या काठाला चिकट राळ बसते ती वेगळीच. ‘टोटल पोलर कम्पाउंड’ची, म्हणजे तेल तापत राहिल्याने त्यात साठणाऱ्या बिघडलेल्या द्रव्यांची, कायदेशीर मर्यादा २५ टक्के आहे. सोया तिथे पामोलिनपेक्षा लवकर पोहोचतं, म्हणजे तेल लवकर बदलावं लागतं आणि एकूण खपही वाढतो. जर्मनीला जहाजाने जाणाऱ्या मालाला हे परवडत नाही.

पाम सोडायचंच असेल तर सरकीचं तेल आणि राईस ब्रान (भाताच्या कोंड्याचं तेल), या दोन तेलांकडे बघा. दोन्ही दुसऱ्या पिकाचं उपउत्पादन आहेत. कापूस रुईसाठी लावतात, भात तांदळासाठी, त्यामुळे तुमच्या मागणीने नवी जमीन फारशी नांगरली जात नाही. दोन्हींत लिनोलेनिक कमी असतं, आणि सरकीत तळलेलं फरसाण तर जुन्या गिऱ्हाइकाला चवीवरून ओळखू येतं. अडचण दराची आणि पुरवठ्याची. देशात ही दोन्ही तेलं मिळून वर्षाला २० लाख टनांच्या आसपास होतात, आणि आपली खाद्यतेलाची आयात १.६ कोटी टनांच्या घरात आहे. तुम्ही एकटे सरकीवर जाऊ शकता. सगळा फरसाण उद्योग जाऊ शकत नाही.

आता जंगलाचं नुकसान नेमकं कुठे होतं ते पाहू, कारण सगळं पामतेल सारखं नसतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या रबराच्या मळ्यावर लावलेला तेलपाम आणि पीटच्या दलदलीवर लावलेला तेलपाम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पीट म्हणजे पाण्याखाली हजारो वर्षं अर्धवट कुजत साठलेल्या झाडपाल्याचा थर. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या रियाऊ-जांबी भागात आणि बोर्निओ बेटावरच्या मध्य कालीमंतानमध्ये तो कुठे कुठे दहा मीटरहूनही खोल आहे. तिथे पाम लावायचा तर आधी चर खणून पाणी काढावं लागतं. पाणी उतरलं की थराला हवा लागते, तो कुजतो, खचतो आणि वर्षानुवर्षं कार्बन सोडत राहतो. हवामानविषयक आंतरराष्ट्रीय समिती अशा जमिनीसाठी वर्षाला हेक्टरी सुमारे ४० टन कार्बन डायऑक्साइड धरते. साडेतीन टन तेलाने भागलं तर टनामागे अकरा टनांच्या वर, आणि यात तोडलेली झाडं मोजलेलीच नाहीत. बिनपावसाच्या दिवसांत हा कोरडा थर पेटला की आग जमिनीखाली धुमसते. वरून पाणी मारून ती विझत नाही, जोरदार पाऊस यावा लागतो.

२०१५ साली एल निनोमुळे पाऊस लांबला आणि इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं. जागतिक बँकेने त्या देशाचं नुकसान १६ अब्ज डॉलर धरलं. धूर सिंगापूर, मलेशियावर आठवडेच्या आठवडे बसून होता. जबाबदारी एकट्या पामची नव्हती. कागदाच्या लगद्यासाठी लावलेल्या अकेशियाच्या लागवडी आणि १९९६ पासून भातशेतीसाठी पीट कोरडं करण्याचा कालीमंतानमधला फसलेला सरकारी प्रकल्प, हेही त्यात आले.

धुरावर करार नव्हता असं नाही. आसियान या आग्नेय आशियाई संघटनेच्या देशांनी २००२ मध्येच सीमापार धुराविरुद्ध करार केला होता. पण धूर जिथून उठतो त्या इंडोनेशियाने त्याला मान्यता दिली ती २०१४ मध्ये. त्याच वर्षी सिंगापूरने परदेशात आग लावणाऱ्या कंपन्यांवरही खटला भरता येईल असा कायदा केला, तेव्हा जकार्तातून नाराजी उमटली. मळ्यांमागचं बरंच भांडवल सिंगापूर-मलेशियातलं, जमीन इंडोनेशियाची, धूर सगळ्यांचा आणि तेलाचं गिऱ्हाईक आपण. मग दंड कोणी कोणाला करायचा?

तुमच्या डब्यापर्यंतची साखळी समजली की काय विचारायचं ते कळेल. पामचा घड कापल्यावर चोवीस तासांच्या आत गिरणीत गेला पाहिजे, नाहीतर फळातलं मुक्त स्निग्धाम्ल वाढतं आणि तेलाचा भाव पडतो. म्हणून गिरणी मळ्यांच्या मधोमध असते, साधारण पन्नास किलोमीटरच्या आत. याचा उपयोग असा, की गिरणीचं नाव कळलं तर जमिनीचा टापू कळतो, आणि उपग्रहाच्या नकाशावर त्या टापूत जंगल कधी गेलं ते पाहता येतं. गिरणीनंतर मात्र माग पुसट होतो. कच्चं तेल दुमाई किंवा बेलावानसारख्या बंदरावर रिफायनरीच्या टाकीत शेकडो गिरण्यांचं एकत्र होतं. तिथून वीस-तीस हजार टनांचं जहाज कांडल्याला किंवा न्हावाशेव्याला येतं, पुन्हा टाकीत मिसळतं, मग रिफाइन होऊन डब्यात. डीलरला ‘हे कुठलं?’ विचारलंत तर तो ब्रँड सांगेल, कारण त्याच्याकडे तेवढंच असतं.

ही अडचण ओळखून २००४ मध्ये आरएसपीओ (राउंडटेबल ऑन सस्टेनेबल पाम ऑइल) नावाची प्रमाणपत्र व्यवस्था उभी राहिली. तिच्यात माल चार तऱ्हेने विकला जातो. एक, एकाच मळ्या-गिरणीचं तेल शेवटपर्यंत वेगळं ठेवलेलं. दोन, प्रमाणित मळ्यांचं एकत्र केलेलं पण अप्रमाणित तेलापासून वेगळं. तीन, ‘मास बॅलन्स’, ज्यात टाकी एकच असते, पण जेवढं प्रमाणित आत आलं तेवढंच त्या नावाने बाहेर विकता येतं. चौथा प्रकार क्रेडिटचा. तुम्ही कुठलंही तेल वापरा, पण तेवढ्या टनांचं क्रेडिट प्रमाणित उत्पादकाकडून विकत घ्या. एक क्रेडिट म्हणजे एक टन. ३६ टनवाल्याला पहिले दोन प्रकार इथे मिळणं कठीण, मिळाले तरी किमान मालाची अट आड येते. मास बॅलन्स मोठ्या रिफायनरीकडून मागता येतो. क्रेडिट तर घरबसल्या घेता येतात, त्यातही छोट्या शेतकऱ्यांच्या गटांचे घेतले तर पैसा योग्य ठिकाणी जातो. इंडोनेशियातलं सुमारे ४० टक्के पामक्षेत्र छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. प्रमाणपत्राचा खर्च आणि कागद त्यांना झेपत नाहीत, मग ते दलालाला माल देतात आणि माग तिथेच तुटतो.

या व्यवस्थेची मर्यादाही सांगायला हवी. जगातल्या पामतेलाचा साधारण पाचवा हिस्सा प्रमाणित आहे आणि तो मुख्यतः युरोपात खपतो. बाकीचं भारत, चीन आणि खुद्द इंडोनेशियाच्या बाजारात येतं. म्हणजे युरोपच्या दक्ष ग्राहकाने बरीचशी नुसती निवडानिवड केली: चांगल्या कागदाचं तेल तिकडे, बिनकागदाचं इकडे. तरीही काहीच बदललं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. इंडोनेशियात पामसाठीची जंगलतोड गेल्या दशकाच्या सुरुवातीला शिखरावर होती, नंतर ती बरीच खाली आली. पामचे पडलेले दर, प्राथमिक जंगल आणि पीटवर नवे परवाने न देण्याचा २०११ चा सरकारी निर्णय (तो २०१९ मध्ये कायम झाला), आणि २०१३ च्या डिसेंबरात विल्मरसारख्या बड्या व्यापाऱ्याने जंगल तोडणाऱ्याकडून माल घेणार नाही असं जाहीर करणं, हे सगळं त्यामागे आहे. मोजकेच व्यापारी बहुतांश माल हाताळत असल्याने तिथे दिलेला एक धक्का लाखो ग्राहकांच्या निर्धारापेक्षा लांब जातो.

आता सरकारांकडे येऊ. भारत हा पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार, वर्षाला साधारण ८० लाख ते एक कोटी टन. एवढा मोठा गिऱ्हाईक दोन कारणांसाठी हात उगारतो: भाव आणि मानापमान.

मानापमानाचं उदाहरण मलेशियाचं. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथले पंतप्रधान महाथिर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत काश्मीरवरून भारतावर टीका केली. पुढच्याच महिन्यात इथल्या सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशन या तेल उद्योगाच्या संघटनेने सदस्यांना मलेशियाचा माल टाळायला सांगितलं, आणि ८ जानेवारी २०२० ला सरकारने रिफाइंड पामतेल ‘मुक्त’ यादीतून ‘प्रतिबंधित’ (म्हणजे आणायला परवाना लागणाऱ्या) यादीत टाकलं. आदेशात मलेशियाचं नाव नव्हतं, त्याची गरजही नव्हती. सवलतीच्या शुल्कामुळे रिफाइंड माल मुख्यतः मलेशियातून येत होता, इंडोनेशिया कच्चं पाठवायचा. महाथिर पायउतार झाल्यावर २०२० च्या मे महिन्यात खरेदी पुन्हा सुरू झाली, मलेशियाने आपला तांदूळ जास्त घेतला, आणि २०२१ च्या मध्यात प्रतिबंध उठला. या सगळ्यात जंगलाचं काय झालं? काही नाही. आपण इंडोनेशियाचं घेतलं, मलेशियाचं दुसऱ्या कोणी घेतलं. आयातदाराने एका देशाला टाळलं की तेल जहाजं बदलतं. झाड तुटायचं थांबत नाही.

उलट दिशेचं उदाहरण २०२२ चं. युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल अडकलं, सगळं जग पामकडे धावलं, आणि इंडोनेशियात, म्हणजे पिकतं त्याच देशात, खाद्यतेल महागलं. २८ एप्रिलला जकार्ताने निर्यातच बंद केली. पण पामचे घड झाडावर थांबत नाहीत. काही दिवसांत गिरण्यांच्या टाक्या भरल्या, गिरण्यांनी घड घेणं कमी केलं, शेतकऱ्याचा दर कोसळला, आणि २३ मेला बंदी उठवावी लागली. तेव्हा इथले डबे कशाच्या जोरावर महाग झाले, ते यातून कळेल.

तिसरं उदाहरण आपल्या घरचं. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरचं प्रभावी शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर आणि रिफाइंडवरचं १३.७५ वरून ३५.७५ टक्क्यांवर गेलं. कारण सोयाबीन हमीभावाखाली (तेव्हा क्विंटलला ४,८९२ रुपये) विकलं जात होतं आणि महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. फायदा शेतकऱ्यापर्यंत फारसा पोहोचला नाही. बीमध्ये तेल अठरा टक्के, बाकी भाव पेंडीवर ठरतो. मक्याच्या इथेनॉलमधून निघणारा चोथा पशुखाद्यात स्वस्त मिळू लागल्याने पेंड आधीच पडली होती. मग महागाई बोचायला लागली आणि २०२५ च्या मे अखेरीस कच्च्या तेलावरचं शुल्क १६.५ टक्क्यांवर आणलं. रिफाइंडचं तसंच ठेवलं, म्हणजे इथल्या रिफायनऱ्यांना काम मिळावं. इंडोनेशिया नेमकं उलटं करतो: कच्च्या तेलावर जास्त निर्यातकर, प्रक्रिया केलेल्यावर कमी, म्हणजे काम तिथे राहावं. दोन्ही सरकारं एकमेकांसमोर शुल्काच्या भिंती उभ्या करून रिफायनरीसाठी भांडतात. तेल कोणत्या जमिनीचं आहे याचा रकाना दोन्हीकडच्या तक्त्यांत नाही.

असा रकाना घालून बघितला तो स्वित्झर्लंडने. इंडोनेशियाबरोबरच्या व्यापार करारात त्यांनी ठराविक कोट्यापुरती, आणि फक्त शाश्वत पद्धतीने पिकवल्याचा पुरावा असलेल्या पामतेलाला शुल्कात सवलत दिली. तेल लहान टाक्यांतून आणायची अटही घातली, म्हणजे माग पुसला जाऊ नये. मार्च २०२१ मध्ये त्यावर सार्वमत झालं, ५१.६ टक्क्यांनी करार तरला आणि नोव्हेंबरात लागू झाला. कोटा सुरुवातीला १०,००० टनांचा होता. आपल्या आयातीपुढे हा आकडा किरकोळ आहे, पण पद्धत आपल्याला परवडणारी आहे. मूळ शुल्कात दोन टक्क्यांची सवलत पडताळणी झालेल्या मालाला दिली, तर डीलर स्वतः होऊन कागद आणून देतील. माझ्या मते भारताच्या हातात याहून धारदार साधन नाही, आणि ते फार काळ धारदार राहणारही नाही. इंडोनेशिया आता डिझेलमध्ये ४० टक्के पामचं बायोडिझेल मिसळतो, आणि तिथला देशांतर्गत खप आपल्या आयातीच्या कितीतरी पुढे गेला आहे.

युरोपने दुसरा रस्ता धरला, दंडुक्याचा. २०१९ मध्ये पामचं जैवइंधन २०३० पर्यंत हद्दपार करायचं ठरवलं. त्यावर इंडोनेशिया आणि मलेशिया दोघे जागतिक व्यापार संघटनेत गेले. मलेशियाच्या प्रकरणात २०२४ मध्ये निकाल आला तो मधलाच: धोरण आखण्याचा युरोपचा हक्क मान्य, आखणीत आणि अंमलबजावणीत दोष. २०२३ मध्ये जंगलतोडमुक्त मालाचा कायदा आला. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल आत येणार नाही आणि शेताचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. त्याची अंमलबजावणी पुढे पुढे ढकलली जाते आहे.

तुमच्या कामाची गोष्ट इथे आहे. त्या कायद्याच्या यादीत पामतेल आहे, फरसाण नाही. तळलेला तयार माल त्या यादीतल्या सीमाशुल्क क्रमांकांत येत नाही. म्हणजे तुमच्या जर्मन गिऱ्हाइकाची मागणी कायद्याची नाही, त्याच्या दुकानात येणाऱ्या लोकांची आहे. युरोपात डिसेंबर २०१४ पासून पाकिटावर ‘वनस्पती तेल’ एवढं लिहून चालत नाही, पाम असेल तर पाम लिहावं लागतं, आणि लोक तो शब्द वाचून पाकीट परत ठेवतात.

म्हणून आधी त्याला विचारा: पाम अजिबात नको, की प्रमाणित चालेल? अजिबात नको म्हणाला तर निर्यातीची बॅच सरकीत किंवा राईस ब्रानमध्ये वेगळ्या कढईत काढा, पंप आणि टाकी धुऊन. कढईत आधीचं पामोलिन पाच टक्के जरी राहिलं तरी ‘पामतेलमुक्त’ लिहिणं खोटं ठरतं, आणि स्निग्धाम्लांच्या चाचणीत गडबड दिसू शकते. पाकिटं नायट्रोजन भरून बंद करा आणि निर्यातीआधी एक लॉट दोन महिने ठेवून पेरॉक्साइड मूल्य (तेल खवट होऊ लागल्याचं दाखवणारा आकडा) तपासा. प्रमाणित चालेल म्हणाला तर वर्षाला ५०० टनांच्या आत वापरणाऱ्यांसाठी आरएसपीओचं छोटं सदस्यत्व आहे, ते घ्या आणि क्रेडिटपासून सुरुवात करा. मात्र क्रेडिट घेऊन पाकिटावर ‘यात प्रमाणित तेल आहे’ असं लिहिता येत नाही. प्रमाणित उत्पादनाला हातभार लावल्याचंच लिहायचं, आणि ते वाक्य त्यांच्या नियमावलीत असेल तसंच्या तसं.

देशातल्या मालासाठी पामोलिन चालू ठेवलंत तर डीलरला सोडून थेट रिफायनरीला पत्र लिहा आणि गेल्या तिमाहीत ज्यांचं तेल आलं त्या गिरण्यांची यादी मागा. मोठ्या कंपन्या ती आपल्या संकेतस्थळावर टाकतात, बऱ्याचदा अक्षांश-रेखांशासकट. तुमच्यासारखे आठ-दहा कारखानदार मिळून महिन्याला एक टँकर उचलत असाल तर तेच पत्र संघटनेच्या नावाने पाठवा. तीस टनांच्या गिऱ्हाइकाला विक्री विभाग उत्तर देतो, तीन टनांच्या गिऱ्हाइकाला डीलरकडे पाठवतो.